डॉ. शं. पु. आघारकर : गोड्या पाण्यातल्या जेलीफिशपासून नॅनो कणांपर्यंत

जुन्नर तालुक्यातल्या बेल्ह्यासारख्या बाजाराच्या गावात कृषी सेवा केंद्राच्या दुकानात उभं राहा आणि फळीवर नजर टाका. नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली आता सगळ्यांच्या ओळखीची झालीय. खरिपाच्या तोंडावर गेलात तर सोयाबीन बियाण्याच्या पिशव्याही दिसतील आणि त्यातल्या एखाद्या वाणाचं नाव एमएसीएस ११८८ असं असेल. ही एमएसीएस म्हणजे काय, असं कधी विचारलंय? बहुतेकांना ते कंपनीचं नाव वाटतं. पण ती कंपनी नाही. पुण्यात १९४६ साली सुरू झालेल्या एका विज्ञान संस्थेच्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरं आहेत. मराठीत त्या संस्थेचं नाव महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी.

ती उभी करणारा माणूस म्हणजे डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर. गोपाळ गणेश आगरकर वेगळे, समाजसुधारक, टिळकांचे सहकारी. गोंधळ होणं साहजिक आहे, कारण आघारकरांची संस्था पुण्यात ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव नेमकं गोपाळ गणेश आगरकर रस्ता! एका अक्षराच्या फरकामुळे आपले आघारकर कायम झाकले गेले.

एरवी आपण इथे फोन, अ‍ॅप आणि चिप यांबद्दल बोलतो. आजचा विषयही टेक्नॉलॉजीचाच आहे. औषधी झाडाच्या पेशी बाटलीत वाढवायच्या आणि नॅनो कण वापरून त्यांच्याकडून जास्त औषध बनवून घ्यायचं. पण हे काम कुठून आलं हे समजायचं तर आधी या माणसाकडे जावं लागतं.

मालवणचा मुलगा

आघारकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ चा, मालवणचा. पुढे ते मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि तिथेच जीवशास्त्र शिकवायला लागले. त्या काळी कॉलेजात शिकवणं म्हणजे इंग्लंडहून आलेल्या पुस्तकातली इंग्लंडची झाडं आणि तिकडचे प्राणी शिकवणं. आपल्या डोंगरात काय आहे हे पुस्तकात नसायचंच. आघारकर सवड मिळाली की सह्याद्रीत जायचे. नद्या, ओढे, झाडं बघायचे, नमुने गोळा करायचे.

१९११ साली सातारा जिल्ह्यातल्या घाटातल्या एका नदीत त्यांना एक विचित्र जीव दिसला. नखाएवढा, पारदर्शक, छत्रीसारखा उघडमीट करत पोहणारा. जेलीफिश! मालवणच्या माणसाला जेलीफिश नवी असणार नाही, पण ती समुद्रात. हा तर गोड्या पाण्याचा प्रवाह, समुद्र घाटाच्या पलीकडे. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधले प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी नमुने तपासले आणि त्याला लिम्नोक्निडा इंडिका असं नाव दिलं. गंमत म्हणजे या कुळातल्या जेलीफिश तोवर फक्त आफ्रिकेत, टांगानिकासारख्या सरोवरांत माहीत होत्या. मग ही साताऱ्यात आली कुठून? मधे अख्खा अरबी समुद्र. खंड कधीकाळी जोडलेले होते का, या तेव्हाच्या मोठ्या वादात हा नखाएवढा जीव एकदम महत्त्वाचा ठरला. बातमी १९११ मध्येच लंडनच्या नेचर साप्ताहिकात पोचली.

आघारकर खरे वनस्पतींचे अभ्यासक, आणि त्यांचं पहिलं नाव झालं ते एका प्राण्यामुळे. मला वाटतं यात त्यांच्या कामाची रीत दिसते. जे समोर आहे ते नीट बघायचं, आपल्या विषयाचं आहे की नाही हा विचार नंतर.

बर्लिन आणि युद्ध

कोलकाता विद्यापीठाला त्या सुमारास सर रासबिहारी घोष यांनी दहा लाख रुपये दिले होते. त्यातून विज्ञानाची अध्यासनं सुरू झाली. कुलगुरू आशुतोष मुखर्जी देशभरातून तरुण माणसं हेरत होते. वनस्पतिशास्त्राच्या घोष अध्यासनावर त्यांनी मालवणच्या आघारकरांना नेमलं. पुढच्या शिक्षणासाठी आघारकर जर्मनीला गेले, ते साल होतं १९१४.

ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. आघारकर ब्रिटिश हिंदुस्थानचे, म्हणजे जर्मनीच्या हिशोबात शत्रूच्या देशाचे नागरिक. शिकायला आलेला माणूस अडकला. काही काळ त्यांना तिथे नजरकैदेत काढावा लागला. भौतिकशास्त्राच्या घोष अध्यासनावरचे देवेंद्रमोहन बोस हेही तेव्हा बर्लिनमध्येच अडकले होते. एका विद्यापीठाचे दोन प्राध्यापक, दोघंही परदेशात, परत येण्याची वाट बंद.

आघारकरांनी ती वर्षं वाया जाऊ दिली नाहीत. पुढे अभ्यासाची मुभा मिळाल्यावर त्यांनी बर्लिनमध्येच डॉक्टरेट पुरी केली. विषय होता वायव्य हिंदुस्थानातल्या कोरड्या आणि खारट जमिनीतल्या वनस्पती. त्या कुठून आल्या, त्यांच्या बिया कशा पसरतात, कमी पाण्यात त्या कशा टिकतात. हा प्रबंध १९२० साली जर्मन भाषेत छापला गेला. बेल्हे-आणे पट्ट्यातल्या वाचकाला हा विषय लांबचा वाटू नये. जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला नाणेघाटात पाऊस कोसळतो आणि पूर्व टोकाला बेल्ह्याकडे माणसं टँकरची वाट बघतात. तालुका एकच, पण दोन टोकांची झाडं वेगळी. का वेगळी, हाच आघारकरांचा प्रश्न होता.

त्याच बर्लिनमध्ये तेव्हा गॉटलीब हाबरलांट नावाचे प्राध्यापक होते. १९०२ साली त्यांनी एक धाडसी कल्पना मांडली होती. झाडाची एक पेशी वेगळी काढली, तिला योग्य खाद्य दिलं, तर ती एकटी जगेल, वाढेल आणि तिच्यापासून अख्खं झाडसुद्धा होऊ शकेल. त्यांच्या स्वतःच्या प्रयोगात पेशी काही आठवडे जगल्या, पण एकीतूनही दुसरी पेशी तयार झाली नाही. प्रयोग फसला, कल्पना मात्र बरोबर निघाली. १९५८ मध्ये अमेरिकेत गाजराच्या पेशींपासून अख्खी रोपं तयार झाली. आज आपल्याकडे शेतकरी जी टिश्यू कल्चरची जी-नाईन केळीची रोपं आणतात, त्यांचा पाया हाच.

साठी ओलांडल्यावर नवी सुरुवात

आघारकर १९२० च्या सुमारास कोलकात्याला परतले आणि पुढची पंचवीसेक वर्षं तिथेच राहिले. त्यांनी शिकवलं, विद्यार्थी घडवले, हिमालयाच्या बाजूला जाऊन वनस्पती गोळा केल्या. इंडियन सायन्स काँग्रेसचं सरचिटणीसपद त्यांनी अनेक वर्षं सांभाळलं. १९३५ मध्ये देशातल्या शास्त्रज्ञांची राष्ट्रीय संस्था निघाली, तिच्या पहिल्या सचिवांपैकी ते एक होते. ही कामं दिसत नाहीत. पत्रं लिहायची, वर्गणी गोळा करायची, सभा भरवायच्या, भांडणं मिटवायची. पण ती कोणी केली नाहीत तर विज्ञान एकेकट्या माणसांपुरतं राहतं.

कोलकात्यात त्यांनी आणखी एक गोष्ट जवळून बघितली. तिथे १८७६ पासून विज्ञानाची एक असोसिएशन होती. सरकारची नाही, लोकांच्या पैशावर उभी केलेली. सी. व्ही. रामन यांनी आपलं नोबेलचं काम तिथेच केलं. महाराष्ट्रात असं काही नव्हतं.

१९४६ साली आघारकर कोलकात्याहून निवृत्त झाले. वय साठीच्या पुढे. तेव्हाच्या हिशोबाने हे घरी बसण्याचं वय. ते पुण्याला आले आणि त्याच वर्षी महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी सुरू झाली. नाव बघा, कोलकात्याच्या संस्थेचीच आठवण. वर्धिनी म्हणजे वाढवणारी. संस्थेचे पहिले संचालक ते स्वतः, आणि शेवटपर्यंत तेच. अजून देश स्वतंत्र व्हायचा होता. आज आपण स्टार्टअपच्या गोष्टी वाचतो, त्यात बहुतेक वेळा संस्थापक पंचविशीतला असतो. इथे एकसष्ट वर्षांचा प्राध्यापक आहे आणि त्याच्याकडे विकायला प्रॉडक्ट नाही.

२ सप्टेंबर १९६० ला त्यांचं निधन झालं. त्याच्या आठ महिने आधी, डिसेंबर १९५९ च्या शेवटी, अमेरिकेत रिचर्ड फाइनमन यांनी अणू-रेणूंच्या पातळीवर वस्तू घडवण्याबद्दलचं ते प्रसिद्ध भाषण दिलं होतं. नॅनोटेक्नॉलॉजी हा शब्द तर १९७४ चा. म्हणजे आघारकरांनी नॅनो हा शब्द आजच्या अर्थाने ऐकलेलाही नसणार. १९९२ मध्ये त्यांच्या संस्थेला त्यांचं नाव देण्यात आलं. आता ती आघारकर संशोधन संस्था आहे आणि केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाखाली स्वायत्तपणे चालते.

आता नरक्याकडे

आघारकरांच्या जन्मगावाच्या जिल्ह्यातून, सिंधुदुर्गातून आणि शेजारच्या कोल्हापूरच्या डोंगरातून अधूनमधून एक बातमी येते. नरक्याची चोरटी तोड, माल पकडला. नरक्या हे पश्चिम घाटातल्या सदाहरित जंगलातलं मध्यम उंचीचं झाड आहे. खोडाला, फुलाला असा वास की नावातच तो आलाय. सुतारकामाच्या दृष्टीने ते फार मोलाचं नाही. मग चोरतात कशासाठी?

त्याच्या सालीत, खोडात आणि मुळात कॅम्प्टोथेसिन नावाचं रसायन असतं. ते १९६६ साली अमेरिकेत वॉल आणि वाणी या शास्त्रज्ञांनी एका चिनी झाडातून शोधलं आणि कर्करोगाच्या पेशींवर ते चालतं हे दिसलं. १९७२ मध्ये मुंबईत, गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं की आपल्या नरक्यात ते चिनी झाडापेक्षा कितीतरी जास्त आहे. पुढे या रसायनात बदल करून टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधं तयार झाली. ती आज अंडाशयाच्या, मोठ्या आतड्याच्या आणि काही फुप्फुसाच्या कर्करोगात दिली जातात.

म्हणजे जगाला औषध मिळालं आणि झाडाच्या मागे कुऱ्हाड लागली. सालीत हे रसायन हजार भागांत साधारण एक ते तीन भाग एवढंच. एक किलो हवं तर शेकडो किलो वाळलेला माल लागतो, आणि मुळातही असल्यामुळे लोक झाड मुळासकट उपटतात. नुसती फांदी छाटली असती तर पुन्हा फुटली असती.

इथे पहिला मार्ग सुचतो तो हाबरलांटचा. झाड नको, पेशीच वाढवू. नरक्याच्या पानाचा किंवा खोडाचा निर्जंतुक तुकडा खाद्याच्या जेलीवर ठेवला की काही आठवड्यांत पेशींचा भुसभुशीत गोळा होतो, त्याला कॅलस म्हणतात. तो पातळ खाद्यात टाकून बाटली सतत हलवत ठेवली की पेशी सुट्या सुट्या वाढतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत नरक्यावर असे प्रयोग झाले. पेशी वाढल्या आणि कॅम्प्टोथेसिनही मिळालं, पण झाडाच्या मानाने फारच कमी.

असं का? पेशी आळशी झाल्या का? थोडंसं तसंच आहे. झाडाला पाय नाहीत. अळी आली, बुरशी आली तर ते पळू शकत नाही. म्हणून ते विष बनवतं आणि आपण त्यालाच औषध म्हणतो. बाटलीत साखर आहे, ऊब आहे, शत्रू कोणीच नाही. मग विष कशाला बनवायचं?

पेशींना घाबरवणारे कण

उपाय सरळ आहे, पेशींना खोटा धोका दाखवायचा. असा धोका दाखवणाऱ्या पदार्थाला एलिसिटर म्हणतात. बुरशीचा अर्क, यीस्टचा अर्क, जखम झाल्यावर झाडात तयार होणारं जॅस्मोनेट हे जुने एलिसिटर. नॅनो कण हे त्यातले नवे.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. नॅनो कण साधारण १ ते १०० नॅनोमीटरचे असतात. डोक्याचा एक केस ऐंशी हजार ते लाखभर नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा. एवढं बारीक केलं की त्याच वजनात पृष्ठभाग प्रचंड वाढतो. सुपारी अख्खी तोंडात धरणं आणि कातरून खाणं यातला फरक आठवा, तसंच. चांदीचे कण असतील तर त्यातून चांदीचे आयन हळूहळू सुटत राहतात. पेशीच्या भिंतीजवळ असा कण आला की पेशीत ऑक्सिजनचे तिखट, अस्थिर रेणू तयार होतात. पेशीसाठी हा भोंगा असतो. त्यावर आतले संदेश फिरतात, बचावाची जनुकं सुरू होतात आणि ज्या विकरांनी औषधी रसायन बनतं ती कामाला लागतात.

हे नुसतं कागदावर नाही. मलेरियाच्या आर्टेमिसिनिनसाठी वापरतात त्या आर्टेमिसिया वनस्पतीच्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मुळांना चीनमधल्या संशोधकांनी चांदी-सिलिकाचे नॅनो कण दिले. आर्टेमिसिनिनचं प्रमाण कित्येक पटींनी वाढल्याचा त्यांचा अहवाल २०१३ मध्ये आला. इराणमध्ये कोरफडीच्या पेशींना चांदीचे कण दिले, तर अ‍ॅलोइन आधी वाढलं आणि काही दिवसांनी पुन्हा खाली आलं. म्हणून पीक कधी काढायचं याला फार महत्त्व आहे. उशीर केला तर फायदा गेलाच. आणि मात्रा? थोडी जास्त झाली की पेशी घाबरत नाहीत, मरतात. एका वनस्पतीला मानवलेला कण दुसरीला मानवेल याची खात्री नाही. शिवाय शेवटी मिळालेल्या औषधात चांदी राहिलेली चालणार नाही, ती काढायचा खर्च वेगळा.

यूट्यूबवर नॅनो म्हटलं की सगळं जादूसारखं दाखवतात. तसं नाही. पेशींपासून औषध बनवणं शक्य आहे हे मात्र सिद्ध झालंय. जपानमध्ये १९८० च्या दशकात शिकोनिन हा लाल रंग पेशींपासून बाजारात आला आणि कर्करोगावरचं पॅक्लिटॅक्सेल आज यू झाडाच्या पेशी मोठ्या टाक्यांत वाढवूनही बनवतात. टाक्यांमधल्या त्या पेशींनाही एलिसिटर लागतोच. नरक्याचं कॅम्प्टोथेसिन अजून त्या टप्प्यावर नाही. ते अजूनही मुख्यतः झाडातून येतं.

पुन्हा पुण्यात

आघारकरांच्या संस्थेत नॅनोवर काम करणारा विभाग आहे. तिथल्या संशोधकांनी कायटोसनच्या नॅनो कणांत जस्त बसवून ते गव्हाच्या पानांवर फवारलं, ते काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. कायटोसन बनतं कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचापासून. मालवणच्या माणसाच्या संस्थेत हे व्हावं, हा योगायोग मला आवडला. काम गव्हाचं आहे, बाटलीतल्या पेशींचं नाही. पण कायटोसन स्वतः एक जुना, भरवशाचा एलिसिटर आहे. बुरशीच्या भिंतीतही तो असतो, म्हणून झाड त्याला शत्रू समजतं. आणि चांदीसारखा तो मागे राहिला तरी भीती कमी.

याच संस्थेत पश्चिम घाटातल्या वनस्पतींचे वाळवून कागदावर चिकटवलेले नमुने जपून ठेवलेत. प्रत्येकावर जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. त्याला हर्बेरियम म्हणतात. नॅनोच्या प्रयोगशाळेत याचं काय काम? मोठं काम आहे. एकाच जातीच्या दोन झाडांत, दोन डोंगरांवर कॅम्प्टोथेसिनचं प्रमाण खूप वेगळं असू शकतं. पेशी कुठल्या झाडाच्या घेतल्या यावर पुढचं सगळं ठरतं. झाड ओळखण्यात चूक झाली किंवा चांगलं झाड आधीच तोडलं गेलं, तर सर्वांत महागडे नॅनो कण ओतूनही हातात काही येणार नाही.

बेल्ह्याजवळ बांगरवाडीला फार्मसीचं कॉलेज आहे. बी. फार्मसीच्या चौथ्या सत्रात फार्माकोग्नोसी हा विषय येतो, त्यात टिश्यू कल्चर आणि अल्कलॉइड दोन्ही असतात. परीक्षेला पाच मार्कांचं म्हणून पाठ करतात आणि सोडून देतात. तिथून भीमाशंकरचं जंगल एका दिवसात जाऊन येण्याएवढं जवळ आहे. अभयारण्य आहे, तिथलं पान तोडायलासुद्धा वनखात्याची परवानगी लागते. बघायला मात्र लागत नाही. फोनचा कॅमेरा पुरतो, तारीख आणि जागा तो आपोआप नोंदवतो. आघारकरांना हे सगळं पेन्सिलीने लिहावं लागायचं.